आपण कुठल्या बाजूला आहोत? : एसएफटीपी पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या दुकानात लग्नपत्रिका, झेरॉक्स आणि स्कॅनिंग चालतं. त्याच्या जोडीला बेळगाव-खानापूर भागातल्या वाचनालयांतले जुने मराठी अंक स्कॅन करून पुण्यातल्या एका संस्थेच्या फाइल सर्व्हरवर चढवायचं कामही येतं. या कामाला येळ्ळूर, उचगाव, जांबोटीकडची पोरंपोरी येतात. मोबाइलवर सगळे पटाईत, खरं काळी खिडकी (जिथे आज्ञा टंकून काम करायचं ती) उघडली की हात थांबतात. (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. सवय आहे, जायची नाही.) “अक्का, यात माउस कुठं चालवायचा?” हा पहिल्या दिवशीचा ठरलेला प्रश्न. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एसएफटीपीनं फाइली कशा पाठवायच्या ते लिहून ठेवतेय.

एक आधीच सांगते. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. आज्ञेच्या अक्षरांमधल्या आडव्या रेघा वाचायच्या सोयीसाठी आहेत, त्या टंकायच्या नाहीत; फक्त ‘एसएसएच-कीजेन’मधली टंकायची.

काळी खिडकीच का?

फाइलझिलासारखे, चित्रांवर क्लिक करून फाइली पाठवायचे प्रोग्राम आहेत, चांगले आहेत, हवे तर वापरा. मी पोरांना आज्ञा शिकवते त्याचं कारण फोन आहे. जांबोटीच्या मुलाला फोनवर “उजवीकडच्या चौकोनात वरून तिसरं चित्र” हे समजावण्यात अर्धा तास जातो. “पी, यू, टी, जागा सोड, फाइलचं नाव लिही, एंटर” हे दहा सेकंदांत होतं. आणि त्याच्याकडे काय उमटलं ते तो मला अक्षरशः वाचून दाखवू शकतो. शिवाय दुकानातला सर्वांत जुना, कण्हत चालणारा कॉम्प्युटरही या कामाला पुरतो.

एसएफटीपी म्हणजे काय, थोडक्यात

फाइली इकडून तिकडे न्यायची जुनी पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी मांडला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. त्या काळी नेटवर्कवर ओळखीचीच माणसं होती, त्यामुळे एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो. पोस्टकार्डावर तिजोरीचा नंबर लिहावा तसा. पुढे १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी आपल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर एसएसएच लिहिलं, दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत. त्यात सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. एसएफटीपी चालतं ते या एसएसएचच्या आतून. नाव सारखं असलं तरी ते एफटीपीचं सुधारलेलं रूप नाही, घराणंच वेगळं. म्हणून एफटीपीचा पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा नंबर) २१ आणि याचा २२. सर्व्हरवाल्यानं तुम्हाला २१ सांगितला तर एकदा परत विचारा.

तयारी

लिनक्स आणि मॅकवर हा प्रोग्राम बहुधा असतोच. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्येही असतो. तपासायचं असेल तर काळ्या खिडकीत ‘एसएसएच’, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून मोठं व्ही टंका. आवृत्तीचा आकडा आला की झालं. नाही आला तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘ओपनएसएसएच क्लायंट’ घ्यायचा.

खिडकी कुठून उघडायची यालाही युक्ती आहे. स्कॅन ज्या फोल्डरमध्ये आहेत तो नेहमीसारखा माउसनं उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून तिथला मजकूर पुसा, ‘सीएमडी’ टंका, एंटर. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. हे केलंत तर पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

सर्व्हरवाल्यांकडून चार गोष्टी आधीच घ्या: सर्व्हरचा पत्ता, तुमचं वापरकर्ता-नाव, पासवर्ड आणि सर्व्हरच्या चावीचा ठसा (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ). चौथी गोष्ट कुणी आपणहून देत नाही. मागून घ्यायची.

जोडणी

धरा की वापरकर्ता-नाव ‘शहापूर’ आहे आणि पत्ता ‘फाइल्स.उदाहरण.इन’. मग टंकायचं:

एसएफटीपी शहापूर@फाइल्स.उदाहरण.इन

पोर्ट २२ सोडून दुसरा असेल तर एसएफटीपीनंतर वजा, मोठं पी आणि पोर्टचा आकडा. इथे मोठं पी, आणि एसएसएचच्या आज्ञेत याच कामाला छोटं पी. असं का, ते करणाऱ्यालाच ठाऊक. आपण लक्षात ठेवायचं.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपल्या चावीचा ठसा दाखवतो, अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ, आणि पुढे जाऊ का विचारतो. सगळे डोळे मिटून ‘येस’ टंकतात. मीही टंकायची. पण तो ठसा म्हणजे पलीकडे दार उघडणारा खरोखर आपलाच माणूस आहे की वाटेत कुणी दुसराच उभा आहे, हे ओळखायची एवढी एकच संधी असते. सर्व्हरवाल्यांनी दिलेल्या ठशाशी ताडून पाहा आणि मगच पूर्ण ‘येस’ टंका. नुसतं ‘वाय’ चालत नाही. एकदा ओळख पटली की तुमचा कॉम्प्युटर ती लिहून ठेवतो, पुन्हा विचारत नाही.

मग पासवर्ड. “अक्का, टाकतोय, खरं उमटतच नाही की!” उमटणार नाहीच. टिंबं नाहीत, चांदण्या नाहीत, काहीच नाही. हात आंधळा चालतो, आणि आमच्या भागात यात एक जास्तीचा खड्डा आहे. इथल्या कॉम्प्युटरवर तीन कीबोर्ड नांदतात: कन्नड अर्जांसाठी कन्नड, पत्रिकांसाठी मराठी आणि इंग्रजी. आधीच्या गिऱ्हाइकाचा कन्नड अर्ज भरून झालेला असतो, कीबोर्ड तसाच राहिलेला, आणि तुम्ही न दिसणारा पासवर्ड कन्नडमध्ये टंकत असता. तीनदा नाकारला जातो आणि मग सर्व्हरवाल्यांना फोन, “तुमचा पासवर्ड चुकीचा आहे.” पासवर्डआधी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी आहे का बघा. कॅप्स लॉकही बघा.

पासवर्ड मानला गेला की ‘एसएफटीपी’ आणि पुढे एक कोन असलेलं चिन्ह लुकलुकत उभं राहतं. आता तुम्ही आत आहात.

अलीकडे आणि पलीकडे

सगळी गोम इथे आहे, म्हणून जरा बसून वाचा.

बेळगावहून चंदगडच्या रस्त्याला लागलं की बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळी लागली की महाराष्ट्र. रस्ता तोच, दोन्हीकडची शेतंही सारखीच. दुकानाच्या पाटीवरची भाषा आणि बसचा रंग बघितला नाही तर हद्द ओलांडल्याचं कळतसुद्धा नाही. एसएफटीपीत अगदी तसं आहे. एकाच खिडकीत तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी उभे असता: अलीकडे तुमच्या कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये आणि पलीकडे सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये. दोन्ही दिसायला सारखे. नवख्यांच्या दहातल्या आठ चुका या एकाच गोष्टीतून होतात.

पलीकडे कुठे आहोत ते विचारायला ‘पी-डब्ल्यू-डी’. तिथे काय काय आहे ते बघायला ‘एल-एस’. दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला ‘सी-डी’ आणि फोल्डरचं नाव. एक पायरी मागे यायला ‘सी-डी’ आणि दोन टिंबं.

याच आज्ञांच्या आधी एक ‘एल’ लावला की त्या अलीकडच्या होतात: ‘एल-पी-डब्ल्यू-डी’, ‘एल-एल-एस’, ‘एल-सी-डी’. एल म्हणजे लोकल. मी पोरांना ‘एल म्हणजे लोकल बस, गावातच फिरते’ असं सांगते. हसतात, पण विसरत नाहीत.

काहीही पाठवण्याआधी ‘पी-डब्ल्यू-डी’ आणि ‘एल-पी-डब्ल्यू-डी’ दोन्ही मारायचे. दर वेळी. दहा वर्षं काम केलेल्यानंसुद्धा.

तुम्हाला दिसणारा सर्व्हर खरा सर्व्हर नव्हे

आम्ही ज्याला सर्व्हर म्हणतो ती कुठे टेबलावर ठेवलेली पेटी नाही. एका दणकट यंत्रात सॉफ्टवेअरनं अनेक आभासी यंत्रं मांडलेली असतात, त्यातलं एक पुण्याच्या संस्थेचं. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत तसं. आणि त्या एका बिऱ्हाडातही तुम्हाला बहुधा एकच खोली दिलेली असते. आत गेल्यावर ‘पी-डब्ल्यू-डी’ मारलं की नुसती एक तिरकी रेघ दिसते. तिरकी रेघ म्हणजे मुळापासूनची जागा, म्हणजे पूर्ण सर्व्हर आपल्या हातात आला असं वाटतं. तसं नाही. तुमच्या खोलीलाच जगाची हद्द ठरवून दिलंय. ‘सी-डी’ आणि दोन टिंबं कितीदाही मारा, उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नाही. बाकीच्या वाचनालयांच्या खोल्या शेजारीच आहेत, पण तुम्हाला त्यांची भिंतसुद्धा दिसत नाही.

याचा एक परिणाम लक्षात ठेवा. अशा बांधणीत ओपनएसएसएचचा नियम आहे की त्या मुळाच्या जागेवर मालकी सर्व्हरच्या व्यवस्थापकाची असायला हवी, तुम्हाला तिथे लिहिता येता कामा नये. म्हणून मुळाशी उभं राहून फाइल पाठवलीत तर ‘परमिशन डिनाइड’ असं उत्तर येतं. त्याच्या आत तुमच्यासाठी ‘अपलोड’ किंवा अशाच नावाचा एक फोल्डर केलेला असतो. आधी ‘एल-एस’ मारून तो बघा, ‘सी-डी’नं आत जा, मग पाठवा.

आणणं आणि पाठवणं

आणायला ‘गेट’, पाठवायला ‘पुट’. पुढे फाइलचं नाव. पूर्ण फोल्डर न्यायचा असेल तर वजा आणि छोटं आर. एकाच प्रकारच्या सगळ्या फाइली हव्या असतील तर नावाच्या जागी चांदणी: ‘पुट चांदणी टिंब टिफ’ म्हणजे अलीकडच्या फोल्डरमधल्या सगळ्या टिफ (स्कॅनच्या चित्रांच्या) फाइली पलीकडे.

नवा फोल्डर ‘एम-के-डी-आय-आर’नं, नाव बदलायला ‘रीनेम’, पुसायला ‘आर-एम’. पुसलेलं परत येत नाही. इथे कचऱ्याची टोपली नाही. आणि त्याहून कावेबाज गोष्ट: त्याच नावाची फाइल आधीच तिथे असेल तर ‘पुट’ न विचारता तिच्यावर बसतं. सुरुवातीला मी एका मासिकाच्या दोन वर्षांच्या अंकांची पानं ‘पान ००१’, ‘पान ००२’ अशाच नावांनी स्कॅन केली आणि एकाच फोल्डरमध्ये चढवली. दुसरं वर्ष पहिल्यावर जाऊन बसलं. मशीन एक शब्द बोललं नाही. पिवळे, कडा झडलेले अंक परत काढून, परत काचेवर ठेवून सगळी पानं पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून नाव असं: वाचनालयाची खूण, वर्ष, महिना, पान; मधे आडव्या रेघा; जागा कुठेही नाही. जागा असलेलं नाव अवतरण-चिन्हांत घालावं लागतं, आणि ते नेमकं विसरतं. मराठी नावांची फाइल चालत नाही असं नाही, पण विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसतात आणि मग कुठली फाइल कुठली ते कळेना होतं. नाव रोमनमध्ये, मजकूर मराठीत.

रोमन म्हटलं की आमच्या गावाचाच वांधा. एका मुलानं फोल्डर केला जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं, बेल्गॉम. दुसरीनं १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं सरकारी नाव घेतलं, बेळगावी. तिसऱ्यानं आपण म्हणतो तसं बेळगाव, तेही एकदा मोठ्या बी-नं आणि एकदा छोट्या. लिनक्सच्या सर्व्हरला मोठं आणि छोटं अक्षर वेगळं, त्यामुळे एकाच गावाचे चार फोल्डर झाले आणि प्रत्येकात थोडे थोडे अंक. माणसाला या चारी नावांतून एकच गाव कळतं. त्यावर लोक पिढ्यान्पिढ्या भांडतही आलेत. मशीनला नुसती अक्षरं कळतात. शेवटी आम्ही गावांना तीन अक्षरी खुणा ठरवून भिंतीवर कागद चिकटवला. तुम्हीही काम सुरू व्हायच्या आधी चिकटवा.

लाईट गेली तर

साधं गणित करू. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांत, न दाबता साठवलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके, ठिपक्याला एक बाइट, म्हणजे साधारण ८.७ मेगाबाइट. शंभर पानांचा अंक ८७० मेगाबाइट. पाठवायचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल (आठ बिटांचा एक बाइट) तर २३ मिनिटांच्या वर. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला तेवीस मिनिटं सलग लाईट राहील यावर मी पैज लावणार नाही.

मधेच तुटलं तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पुन्हा जोडा, त्याच दोन फोल्डरांत जा, आणि ‘पुट’ऐवजी ‘री-पुट’ मारा. आणताना तुटलं असेल तर ‘री-गेट’. पलीकडे किती पोचलंय ते बघून तिथून पुढचं पाठवलं जातं.

पण हे बघणं म्हणजे फक्त लांबी मोजणं. आत काय आहे ते तो वाचत नाही. आमच्याकडे एक दिवाळी अंक अर्धा गेला असताना लाईट गेली. लाईट यायच्या आत पोरानं, चांगल्याच हेतूनं, दोन वाकडी पानं सरळ करून लॅपटॉपवर पीडीएफ पुन्हा बनवली, त्याच नावानं. मग ‘री-पुट’. पलीकडे पहिला अर्धा जुन्या फाइलचा आणि उरलेला नव्या फाइलचा असा जोड तयार झाला. आकार बरोबर, नाव बरोबर, आणि उघडली तर एकही पान नाही. फाइलला मधे हात लावला असेल तर सरळ ‘पुट’नं पहिल्यापासून पाठवा.

नीट पोचलं का याची खात्री हवी असेल तर दोन्हीकडे एसएचए-२५६ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण; मजकूर बदलला की तीही बदलते) काढून ताडायची. विंडोजवर ‘सर्टयुटिल’, वजा ‘हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’. पलीकडची बेरीज सर्व्हरवाल्यांकडून मागवायची, कारण एसएफटीपीच्या खोलीत तुम्हाला दुसरे प्रोग्राम चालवता येत नाहीत. प्रत्येक फाइलला हे करत बसू नका. तुटून जोडलेल्यांना मात्र करा.

दुकानातले बाकीचे लोक इंटरनेट संथ झालं म्हणून ओरडत असतील तर जोडताना वजा, छोटं एल आणि किलोबिटमधला आकडा देऊन स्वतःला आवर घालता येतो. २००० दिलं की सेकंदाला दोन मेगाबिटच्या वर जात नाही.

रोजचं काम असेल तर

पासवर्डऐवजी चावी करून घ्या. ‘एसएसएच-कीजेन’, मग वजा टी आणि ‘ईडी२५५१९’. दोन फाइली तयार होतात. ज्या नावाच्या शेवटी टिंब-पब आहे ती सर्व्हरवाल्यांना पाठवायची. दुसरी कुणालाही नाही, मलासुद्धा नाही. एका मुलानं दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या. त्याला ती जोडी टाकून नवी करायला लावली.

चावी जमली की आज्ञा एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ओळीनं लिहून ठेवता येतात (आत जा, पाठव, बाहेर ये) आणि वजा बी देऊन ती फाइल चालवता येते. या प्रकारात पासवर्ड विचारायला कुणी थांबत नाही, म्हणून चावी आधी. एखादी ओळ फसली तर काम तिथेच थांबतं. फसली तरी पुढे जायचं असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला वजा.

अडलं तर

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: पत्ता चुकला, नेट नाही, किंवा वाटेतल्या एखाद्या भिंतीनं (फायरवॉलनं) पोर्ट अडवलाय. मोबाइलचं नेट जोडून बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: यंत्र आहे, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. पोर्टचा आकडा तपासा.

‘होस्ट की’ म्हणजे सर्व्हरची चावी बदललीय असा मोठ्या अक्षरांतला आरडाओरडा आला तर घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. आभासी यंत्रं पाडून नव्यानं उभारणं सोपं असतं, नवं उभारलं की चावी बदलू शकते. सर्व्हरवाल्यांना फोन करा. त्यांनी होय म्हटलं आणि नवा ठसा दिला, तर ‘एसएसएच-कीजेन’, वजा, मोठं आर आणि सर्व्हरचा पत्ता. जुनी ओळख पुसली जाते. होय म्हणाले नाहीत तर त्या दिवशी जोडायचं नाही.

चहाला जाऊन आलात आणि जोडणी मेलेली दिसली तर जोडताना वजा ओ देऊन ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=६०’ लिहा (मोठी अक्षरं तीन: एस, ए आणि आय). दर मिनिटाला इकडून हाक जाते, वाटेतले राउटर झोपत नाहीत. काम संपलं की ‘बाय’.

आणि ‘परमिशन डिनाइड’. परवाच जांबोटीहून फोन आला.

“अक्का, पासवर्ड घेतला, खरं फाइल जाईना. परमिशन नाही म्हणतंय.”

“पी-डब्ल्यू-डी मार. काय आलं?”

“नुसती तिरकी रेघ.”

“मग उंबऱ्यावर उभा राहून काय करतोस? आत जा की.”

थोडा वेळ नुसता कळांचा आवाज. मग, “चाललंय. चौदा टक्के.”